रात्री नऊची गोळी

कोजागरीची रात्र. बावधनला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोठ्या पातेल्यात दूध आटत होतं. चांदणी चौकाकडच्या गाड्यांचा आवाज खालून येत होता, वर आम्हा बायकांच्या गप्पा रंगल्या होत्या. एवढ्यात कुणाचा तरी मोबाइल वाजला. फोन नव्हता, नऊचा गजर होता. समोरच्या इमारतीतली एक तिशीतली मुलगी लगेच उठली. पर्समधून छोटी डबी काढली, दोन-तीन गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या आणि पुन्हा आमच्यात येऊन बसली.

"काय गं, एवढ्या लहान वयात बीपी?" कुणीतरी चेष्टेनं विचारलं.

"बीपी नाही ताई," ती हसून म्हणाली. "माझ्या पोटात आईची किडनी आहे. सहा वर्षं झाली. ती माझ्याकडे नांदायला हवी ना! म्हणून सकाळी नऊ आणि रात्री नऊ."

गच्चीवर क्षणभर कुणीच बोललं नाही. मग प्रश्नांवर प्रश्न. एवढी वर्षं झाली तरी औषधं? ऑपरेशन झालं म्हणजे बरं झालं ना? किती दिवस घ्यायच्या गोळ्या?

"जन्मभर," ती म्हणाली. आणि मग तिनं गौरी-गणपतीची गोष्ट सांगितली.

पाच दिवसांच्या गोळ्या, अकरा दिवसांचा मुक्काम

प्रत्यारोपणाला दोन वर्षं झाली होती. तब्येत झकास होती. डायलिसिसच्या खेपा, पाण्याचा घोट मोजून पिणं, सगळं मागे पडलं होतं. मुळशीतल्या सासरी गौरी-गणपतीला गेली तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्या बरोबर घेतल्या. मुक्काम झाला अकरा दिवसांचा. पावसानं नुसता धुमाकूळ घातला होता. गावातल्या मेडिकलमध्ये ते औषध नव्हतं. "मला काहीच होत नव्हतं हो ताई. म्हटलं, चार दिवसांनी काय बिघडतंय? सणासुदीत कुठे सगळ्यांची धावपळ करायची?"

परत आल्यावर आठवड्यात पाय सुजले. लघवी कमी झाली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. किडनीत सुई घालून बारीकसा तुकडा काढून तपासला. शरीरानं आईची किडनी नाकारायला सुरुवात केली होती. दवाखान्यात दाखल करून सलाइनमधून स्टिरॉइडचे मोठे डोस दिले. वेळेवर गेल्यामुळे किडनी वाचली, पण पूर्वीइतकी सशक्त राहिली नाही.

"डॉक्टर ओरडले त्याचं काही वाटलं नाही," ती म्हणाली. "आई उशाशी बसली होती. तिनं माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, बाळा, मला दोन होत्या म्हणून एक दिली. आता आणखी कुठून आणू?"

मैत्रिणींनो, अवयवदानावर आपण बरंच वाचतो. देणाऱ्याचं कौतुक होतं, डॉक्टरांचा सत्कार होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. पण दिलेला अवयव टिकवायचं काम त्यानंतर घरात सुरू होतं आणि ते कधी संपत नाही. त्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. म्हणून आज त्या नऊच्या गोळीविषयी.

आईची किडनी परकी कशी?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे घरचे राखणदार. जंतू आला की ओळखायचा आणि मारायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक पेशीच्या अंगावर एक ओळखखूण असते. ही खूण प्रत्येक माणसाची वेगळी. अर्धी आईकडून येते, अर्धी वडिलांकडून. म्हणजे आईची किडनीसुद्धा लेकीच्या शरीराला अर्धीच ओळखीची. उरलेली अर्धी परकी. राखणदाराला माया कळत नाही. त्याला खूण तेवढी कळते. परकी खूण दिसली की तो हल्ला करतो.

हे कळलं कसं, तीही एक गोष्ट आहे आणि तिच्याही केंद्रस्थानी एक बाई आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात एक तरुण बाई खूप भाजली होती. डॉक्टरांनी तिच्या भावाच्या कातडीचे छोटे तुकडे तिला लावले. ते काही दिवस टिकले, मग गळून गेले. पुन्हा भावाचेच तुकडे लावले, तर ते आधीपेक्षाही लवकर नष्ट झाले. पीटर मेदावर नावाचे शास्त्रज्ञ हे बारकाईनं पाहत होते. त्यांच्या लक्षात आलं की शरीर परक्याला नुसतं नाकारत नाही, ते त्याला लक्षातही ठेवतं. १९४३ साली त्यांनी आणि डॉक्टर गिब्सन यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे १९६० मध्ये मेदावर यांना नोबेल मिळालं.

मग परकं नसेल तर? २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टनला डॉ. जोसेफ मरे यांनी एका भावाची किडनी दुसऱ्या भावाला बसवली. ती टिकली, कारण दोघे हुबेहूब जुळे होते. खूण एकच, त्यामुळे राखणदार गप्प बसले. पण जुळं भावंड किती जणांना असतं? बाकीच्यांसाठी औषधच हवं होतं.

नोकरी नाकारलेल्या मुलीचं औषध

त्या औषधाच्या मागेही एक बाई आहे. न्यूयॉर्कची गर्ट्रूड एलियन. लाडके आजोबा कॅन्सरनं गेले, तेव्हाच तिनं औषधं शोधायचं ठरवलं. १९३७ मध्ये ती रसायनशास्त्रात उत्तम गुणांनी पदवीधर झाली. पण प्रयोगशाळेत मुलीला कोण घेणार? मिळेल ती कामं केली, शाळेत शिकवलं. महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, जागा रिकाम्या झाल्या आणि १९४४ साली तिला एका औषध कंपनीत संशोधनाचं काम मिळालं. तिथे जॉर्ज हिचिंग्ज यांच्याबरोबर तिनं रक्ताच्या कॅन्सरवर एक औषध तयार केलं. भराभर वाढणाऱ्या पेशींची वाढ ते रोखत असे. पुढे इतर शास्त्रज्ञांना दिसलं, की हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशीही यानं आवरतात. त्याच औषधाचं सुधारलेलं रूप म्हणजे ॲझाथायोप्रिन. १९६० नंतरच्या दशकात जुळं नसलेल्या माणसाची किडनीही टिकू लागली, ती या औषधाला स्टिरॉइडची जोड मिळाल्यामुळे.

एलियनबाईंनी पीएच.डी. कधी केली नाही. १९८८ साली नोबेल मात्र मिळवलं.

त्यानंतरची औषधं चक्क मातीतून आली. नॉर्वेच्या डोंगराळ पठारावरून आणलेल्या मातीत एक बुरशी सापडली, तिच्यापासून सायक्लोस्पोरिन. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि यकृत, हृदय अशा अवयवांची प्रत्यारोपणं सर्रास होऊ लागली. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूपासून १९८४ मध्ये टॅक्रोलिमस मिळालं. आमच्या शेजारणीच्या डबीत आज तेच असतं. ईस्टर बेटावरच्या मातीतून रॅपामायसिन आलं. ते शोधणारे डॉ. सुरेंद्रनाथ सहगल हे मूळचे आपल्याकडचे, पंजाबातले. कॅनडातली त्यांची प्रयोगशाळा बंद झाली, काम थांबलं, तेव्हा त्यांनी ते जिवाणू घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते! १९९९ मध्ये ते किडनीच्या रुग्णांसाठी औषध म्हणून बाजारात आलं.

दुधारी सुरी

ही औषधं राखणदारांना ठार मारत नाहीत. त्यांना थोडं गुंगीत ठेवतात. गोची इथेच आहे. गुंगी कमी पडली तर अवयवावर हल्ला होतो. जास्त झाली तर खरा चोर आला तरी राखणदार उठत नाही.

३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण अठराव्या दिवशी गेला. नवं हृदय चालत होतं, पण न्यूमोनिया झाला होता आणि औषधांनी दबलेल्या शरीराला त्याच्याशी झुंजता आलं नाही. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीही हृदय बसवलं. तो रुग्ण काही तासच जगला. त्या काळात बहुतेक ठिकाणी हेच चित्र होतं. हात कुशल होते, पण योग्य औषध अजून यायचं होतं.

आज ही औषधं एकाऐवजी तीन दिली जातात, प्रत्येकाचा डोस कमी ठेवून. एक हल्ल्याचा निरोप अडवतं, एक पेशींची पलटण वाढू देत नाही आणि तिसरं, म्हणजे स्टिरॉइड, एकूण भडका शमवतं. तरी त्रास व्हायचा तो होतोच. हात थरथरणं, साखर वाढणं, रक्तदाब वाढणं, चेहरा सुजल्यासारखा दिसणं. टॅक्रोलिमस जास्त झालं तर ज्या किडनीसाठी घ्यायचं तिलाच ते त्रास देतं. म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण वरचेवर तपासावं लागतं.

कर्वे रस्त्यावरची आई-लेक

आमच्या बावधनहून पौड रस्त्यानं खाली उतरलं, कोथरूड मागे टाकलं की कर्वे रस्ता लागतो. तिथल्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात मे २०१७ मध्ये देशाचं लक्ष वेधणारी गोष्ट घडली. डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. सोलापूरची एकवीस वर्षांची मुलगी, जन्मतःच गर्भाशय नसलेली. साधारण साडेचार-पाच हजार मुलींमध्ये एखादी अशी जन्मते. तिला गर्भाशय दिलं तिच्या आईनं. दुसऱ्याच दिवशी गुजरातेतल्या एका तरुणीवर तशीच शस्त्रक्रिया झाली. तिची आधीची गर्भारपणं वाया गेली होती आणि गर्भाशय निकामी झालं होतं. तिलाही आईनंच आपली पिशवी दिली.

या गुजरातच्या लेकीनं ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यातच मुलीला जन्म दिला. दिवस पूर्ण भरण्याआधी, सिझेरियननं, दीड किलोपेक्षाही कमी वजनाची, पण सुखरूप. ज्या पिशवीत आई वाढली, त्याच पिशवीत तिची लेकही वाढली! याआधी असं जगातलं पहिलं बाळ स्वीडनमध्ये सप्टेंबर २०१४ मध्ये जन्मलं होतं. भारतातलं पहिलं आपल्या पुण्यात.

बातमीत शस्त्रक्रियेचं वर्णन भरपूर आलं. पण विचार करा, त्या आईनं गर्भारपणात आणि त्याआधीही काय केलं असेल. आधी नवरा-बायकोचे भ्रूण तयार करून गोठवून ठेवायचे. मग प्रत्यारोपण. मग औषधं घेत घेत शरीर स्थिर व्हायची वाट बघायची. गर्भाशय नाकारलं जात असेल तर पोट दुखत नाही, ताप येत नाही. बाईला काहीच कळत नाही. म्हणून ठरावीक दिवसांनी गर्भाशयाच्या तोंडाचा बारीक तुकडा काढून तपासायचा. स्वीडनच्या त्या पहिल्या आईला गर्भारपणातच नाकारण्याची सौम्य लक्षणं तपासणीत दिसली होती. स्टिरॉइड देऊन ती आटोक्यात आणली. तपासणी चुकली असती तर?

गर्भारपणात कोणती गोळी चालते, हाही मोठा प्रश्न. मायकोफेनोलेट नावाचं औषध किडनीच्या अनेक रुग्णांना देतात, पण गर्भासाठी ते घातक आहे. बाळात व्यंग येऊ शकतं. टॅक्रोलिमस, ॲझाथायोप्रिन आणि कमी डोसातलं स्टिरॉइड मात्र देखरेखीखाली चालतं. म्हणजे किडनी बदललेल्या तरुण मुलीलाही बाळ होऊ शकतं. पण आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलायचं, काही आठवडे थांबायचं, तब्येत स्थिर आहे हे पाहायचं आणि मगच दिवस राहू द्यायचे. दिवस राहिल्यावर घाबरून स्वतःच सगळ्या गोळ्या बंद करणं, ही सगळ्यात धोक्याची गोष्ट.

गर्भाशय प्रत्यारोपणाची एक बाजू वेगळी आहे. एक-दोन बाळंतपणं झाली की गर्भाशय काढून टाकतात आणि गोळ्या बंद होतात. ते तात्पुरतं मागून आणलेलं असतं. अर्थात दोन्ही बायकांसाठी ही शस्त्रक्रिया मोठी आणि जोखमीची आहे, जगभरात अशा काही फसल्याही आहेत. किडनी, यकृत, हृदय यांना मात्र परतीची वाट नाही. तिथे गोळी सुटली की अवयव जातो.

गोळ्या कायमच्या सुटतील का?

शास्त्रज्ञांचं स्वप्न तेच आहे. देणाऱ्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशीही घेणाऱ्याला द्यायच्या, म्हणजे राखणदारांना लहानपणापासूनची ओळख असल्यासारखं वाटेल, अशी ती कल्पना. बोस्टनमध्ये असे काही रुग्ण गोळ्यांशिवाय वर्षानुवर्षं राहिले. आपल्याकडे अहमदाबादला डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी आयुष्यभर या दिशेनं काम केलं. २०१९ मध्ये ते गेले. पण हा उपाय अजून सरसकट सगळ्यांना देण्याजोगा झालेला नाही. तेव्हा कुणी "आमच्या औषधानं गोळ्या बंद होतील" म्हणालं तर भुलू नका.

हे घरात सगळ्यांना माहीत हवं

• गोळ्यांची वेळ रोज तीच. मोबाइलचा गजर लावा आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनवरही लावा.

• गावाला, लग्नाला, यात्रेला जाताना मुक्कामाच्या दुप्पट दिवसांच्या गोळ्या बरोबर घ्या. ते औषध प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं.

• उपवास असला तरी गोळी सोडायची नाही. कडक उपवास करायचा की नाही, ते आधी विचारा.

• एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. डॉक्टरांना फोन करा. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी कळवा.

• रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायचं असेल त्या सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची.

• दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

• पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळा. त्यामुळे रक्तात टॅक्रोलिमस वाढू शकतं.

• टीबीचं रिफॅम्पिसिन हे औषध उलट त्याचं प्रमाण खूप कमी करतं. बुरशीवरच्या काही गोळ्या ते वाढवतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी "अवयव बदललेला आहे" हे पहिलं वाक्य असू द्या.

• प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, गुळवेल, अश्वगंधा स्वतःच्या मनानं देऊ नका. जी शक्ती औषध आवरून धरतं, तीच आपण प्रेमापोटी जागी करायला बघतो.

• ताप, लघवी कमी होणं, पाय सुजणं, अचानक वजन वाढणं, बदललेल्या अवयवाच्या जागी दुखणं यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना.

• शस्त्रक्रिया ठरवतानाच विचारा, की सरकारी योजनेत किंवा विम्यात नंतरची औषधं बसतात का आणि किती दिवस. बरीच घरं ऑपरेशनला पैसे उभे करतात आणि दर महिन्याच्या गोळ्यांना कमी पडतात. पैसे कमी पडले तर गोळ्या कमी करू नका. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला जाऊन भेटा.

देणाऱ्या हातांसाठी

आणखी एक बोलायलाच हवं. २०१९ सालच्या आकडेवारीवरून झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के बायका होत्या, त्यांतल्या बहुतेक कुणाची आई नाहीतर बायको. आणि घेणाऱ्यांपैकी ऐंशी टक्के पुरुष. आपण देतो, ते मायेनं देतो, यात शंका नाही. पण देताना "माझ्यानंतर याची काळजी कोण घेणार, गोळ्या कोण सांभाळणार?" हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. किडनी देणाऱ्या बाईची स्वतःची तपासणीही दरवर्षी व्हायला हवी. तिच्यासाठी दवाखान्याची खेप काढायला घरात कुणाला वेळ नसतो. आणि हे देणं फक्त बायकांच्या वाट्याला येऊ नये असं वाटत असेल, तर मृत्यूनंतरच्या अवयवदानाविषयी घरात मोकळेपणानं बोलायला हवं. मेंदू मृत झाल्यावर अवयव देण्याची सोय १९९४ च्या कायद्यानं केली आहे. निर्णय मात्र त्या कठीण घडीला घरचेच घेतात. आपली इच्छा त्यांना आधी माहीत असलेली बरी.

त्या कोजागरीला दूध आटून केशरी झालं तेव्हा बारा वाजत आले होते. आमच्या शेजारणीनं तिचा पेला हातात घेतला आणि तिला एकदम काही आठवलं. खाली जाऊन आईला फोन करून आली.

"एवढ्या रात्री?" मी विचारलं.

"जागी असते ती," ती म्हणाली. "तिच्याकडेही नऊचा गजर वाजतो ना. मी 'घेतली' म्हणून सांगितल्याशिवाय झोपत नाही. आज गप्पांत विसरले."

किडनी एकदाच दिली होती त्या माउलीनं. जागरण मात्र रोजचं होतं.